पाणीगेट सगळ्यात शेवटी

रावपुऱ्यातल्या इस्पितळाचा दुसरा मजला,
शनिवार, रात्रीचे साडेदहा.
बॅकअपची नवी आवृत्ती पहाटे चढवायची,
आजची रात्र नुसती झाडलोटीची,
पाहुणे यायच्या आधी माळा उपसावा तशी.

सर्व्हरांची नावं सबनीसांनी ठेवलेली.
चार नोड म्हणजे शहराचे चार दरवाजे:
लहेरीपुरा, चांपानेर, गेंडी, पाणीगेट.
आणि मधोमध, सगळ्यांचा डेटा पोटात घेऊन
मांडवी.
ही नावं नियमात बसत नाहीत, असा शेरा
ऑडिटवाल्यांनी ओळीने तीन वर्षं मारला.
तिन्ही वर्षं सबनीसांनी त्याखाली सही केली
आणि काही केलं नाही.

मी यादी वाचते, फाल्गुन खुणा करतो.
मांडवीवर जागा किती? अकरा टक्के.
नवीनला वीस लागतात.
मग बसा ठरवत, कुणाचं काय टाकायचं:
बंद पडलेल्या कँटीनची बिलं,
कुणा डॉक्टरांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो, तीन तीन प्रती.
"काकी, आ तो आपणाथी जोवाय ज नहीं,"
असं म्हणत फाल्गुननं पाच मिनिटं पाहिले,
दोन प्रती पुसल्या, एक ठेवली.

गेंडीच्या सर्टिफिकेटची मुदत संपून सतरा दिवस झालेले.
कुणाला पत्ता नाही.
सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड सबनीसांच्या वहीत,
वही दांडियाबाजारात, आणि सबनीस नऊलाच झोपतात.
फोनवर त्यांच्या मालतीबाई, चष्मा शोधून:
"मोठा एम. मग शून्य. मग वाटीसारखं काहीतरी."
वाटी?
"वाटीच. कडा नसलेली."
तिसऱ्या खेपेला उघडलं.
चौथी चुकती तर अकाउंटला कुलूप लागलं असतं
सोमवार सकाळपर्यंत.

मग एकेक दरवाजा रिकामा करायचा.
लहेरीपुऱ्यावरची रक्तपेढी उठवून चांपानेरवर बसवली,
खाली कॅज्युअल्टीत कुणी मानही वर केली नाही.
आमच्या कामाची पावती ती एवढीच.

मुद्दा सातवा: जुन्यातून एक फाइल परत काढून पाहा. कुठलीही.
फाल्गुननं डोळे मिटून बोट ठेवलं
पाणीगेटच्या सगळ्यात जुन्या साखळीवर.
दोन मिनिटं पट्टी सरकली.
आली ती चार किलोबाइटची, नाव नुसतं "रात्र".

*९.४०. तळघरात पाणी, घोट्याइतकं.*
*१०.१५. गुडघा.*
*पाणीगेट पाठीवर घेऊन वर आणला. वॉर्डबॉय इस्माइल बरोबर.*
*मगर शिरली म्हणून ओरडा. मगर नव्हे, फोमची गादी.*
*१२.३०. टेपा सगळ्या कोरड्या. मी नाही.*

फाल्गुन तेव्हा शाळेत असणार.
मी इथे होते की, तिसऱ्या मजल्यावर, पेशंट मोजत होते,
आणि खाली हा माणूस
यंत्र पाठंगुळीला घेऊन जिना चढतोय
हे मला आज रात्री कळतंय, एक चाचणी पास झाली म्हणून.
निरोपाच्या समारंभात आम्ही त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं.

यादीत पाणीगेट दुसरा होता.
खोडला, तळाशी लिहिला.
पुढच्या ऑडिटला कारण काय द्यायचं ते बघू.

पावणेदोन. जागा तेवीस टक्के.
जॉब सगळे थांबवले, कॅटलॉगची प्रत वेगळ्या डिस्कवर,
डिस्क माझ्या पर्समध्ये, डब्याच्या शेजारी.
फाल्गुन चहा शोधायला स्टेशनकडे गेलाय.
त्याच फोल्डरमध्ये मीही एक फाइल उघडली,
नाव दिलं "रात्र दोन", लिहिलं:
*पाणी नाही. सगळं कोरडं. इस्माइल आता कुठे असतो?*
सेव्ह केलं.
आणि मग ध्यानात आलं,
जॉब तर मीच थांबवलेत.
पहाटेपर्यंत ही ओळ
फक्त इथेच आहे.